आचके, गचके, हिसके आणि सगळ्यांना गिळून बसलेला झटका

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आजीचे झोपेत हात-पाय उडतात. डॉक्टरांना दाखवायच्या चिठ्ठीत तुम्ही ‘रात्री आचके येतात’ असं लिहिलंत. आई म्हणाली, ‘आचके काय लिहितेस अभद्र, आचके मरताना देतात.’ मग दवाखान्याच्या छापील फॉर्मवर ‘झटके येतात का? होय / नाही’ असा रकाना दिसला. तिथे मावशीने ‘नाही’वर खूण करायला लावली, कारण तिच्या लेखी झटके म्हणजे फिट. आता तुम्ही विचारताय की आचका म्हणजे नक्की काय, आणि आचका, गचका, हिसका, झटका ही एकाच गोष्टीची चार नावं आहेत का.

एकाच गोष्टीची नाहीत. आई आणि मावशी दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत. चुकलाय तो फॉर्म.

मी डॉक्टर नाही. गेली २२ वर्षं औषधांची माहितीपत्रकं, संमतीपत्रं आणि पेशंटला विचारायच्या प्रश्नावल्या मराठीत करते. इंग्रजीवाले ‘जर्क’ म्हणून मोकळे होतात आणि आम्ही इथे डोकं धरून बसतो, कारण मराठीला आधी हे कळावं लागतं की हालचाल केली कुणी, झाली कुणाला आणि आली कुठून. ते ठरल्याशिवाय शब्द निवडता येत नाही.

मध्यंतरी एका गोळीचं पत्रक तपासायला आलं होतं. दुष्परिणामांच्या यादीत छापलं होतं, ‘अचानक होणाऱ्या धक्कादायक हालचाली’. आधी मी पोट धरून हसले. गोळी घेतल्यावर काकांनी भरल्या पंगतीत द्रोण भिरकावला असं काहीतरी डोळ्यांसमोर आलं. मग लक्षात आलं की ही ओळ कुणीतरी खरंच वाचणार होतं, आणि हात उडायला लागला तरी या ओळीशी त्याचा संबंध जोडणार नव्हतं. अशा कागदांचं उलट भाषांतर करायची पद्धत असते. म्हणजे मराठी मजकूर दुसऱ्या कुणीतरी मूळ न बघता पुन्हा इंग्रजीत न्यायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. ती ओळ तिकडून ‘शॉकिंग मूव्हमेंट्स’ होऊन परत आली तेव्हा सगळे जागे झाले. मग कुणीतरी सुचवलं, ‘झटकेदार हालचाली’. तेही मला लावणीच्या जाहिरातीसारखं वाटलं. शेवटी आम्ही लिहिलं, ‘हात, पाय किंवा अंग आपोआप उडणे’. यात नाम नाही, साधं क्रियापद आहे, आणि घरात माणसं तेच म्हणतात.

हे ‘उडणे’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आता आचक्याकडे.

आचका बघायचा तर मासळीबाजारात जा. समुद्राची मासळी बहुतेक वेळा बर्फात येते, तिच्यात काही दिसणार नाही. नदीकाठच्या गावात आठवड्याच्या बाजारी मरळ विकायला बसलेली बाई गाठा. मरळ पाण्याबाहेरही हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे पाटीत ती बराच वेळ जिवंत असते. आधी ती सगळ्या अंगाने उसळते, पाटीबाहेर पडू बघते. ही तडफड. तडफडीत जीव आहे, सुटायची धडपड आहे. बाईने कोयत्याच्या मुठीने डोक्यावर एक ठेवून दिली की ती थांबते. गिऱ्हाईक पैसे काढायला लागतं, आणि तेवढ्यात शेपटीकडचा भाग एकदाच वर उचलला जाऊन आपटतो. मग काही नाही. आता संपलं म्हणावं तर पुन्हा एकदा, जरा कमी जोराने. हा आचका. त्यात धडपड नाही, हेतू नाही, ताल नाही. पुढचा कधी येईल किंवा येणारच नाही, हे सांगता येत नाही. हालचाल आतून येते आणि ज्याचं शरीर आहे त्याच्या हातात ती नसते.

कोंबडी कापणाऱ्याच्या दुकानात उभं राहिलेल्यालाही हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच मराठी कानाला आचके म्हटलं की पुढे मरण ऐकू येतं. ‘शेवटचे आचके दिले’, ‘आचके देत प्राण सोडला’ या जोड्या इतक्या घट्ट बसल्यात की ‘शेवटचे’ न लिहिताही तो शब्द तिथे असतोच. आईला जे अभद्र वाटलं ते हे. शब्दाचा गाभा केवळ अवयव आपोआप ओढला जाण्याचा आहे, त्यात मृत्यू कुठे नाही. पण शब्द वापरून वापरून ज्या घरात राहायला जातो, तिथलाच वास त्याला लागतो. आजारी माणसाच्या चिठ्ठीत मी आचका लिहिणार नाही. बरोबर असला तरी नाही.

या शब्दाची एक गंमत मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आचके ‘देतात’. आता देणं ही एरवी जाणूनबुजून करायची गोष्ट: पैसे देणं, धक्का देणं, शिवी देणं. मरणारा प्राणी जाणूनबुजून काय देणार? पण मराठीत शरीर आपल्याला न विचारता जे करतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपण ‘देतो’. जांभई देतो, ढेकर देतो, आळोखेपिळोखे देतो. त्याच रांगेत आचके बसतात. उलट उचकी ‘लागते’, ठसका ‘लागतो’, धाप ‘लागते’. हे एकदा मागे लागलं की आपल्या सांगण्याने थांबत नाही. शिंक ‘येते’. शहारा ‘येतो’. कुणी परका मराठी शिकत असेल तर त्याला मी सांगते, नाम पाठ करू नकोस, नामाच्या शेपटीला कुठलं क्रियापद लटकलंय ते बघ, अर्थ तिथे आहे. म्हणून ‘आचके येतात’ हे तुमचं वाक्य मला वाचताना किंचित अडखळलं. चूक म्हणणार नाही. ‘झटके येतात’च्या साच्यात तुम्ही आचके ओतलेत इतकंच.

उचकीचा विषय निघालाच आहे तर, उचकी ही शरीरशास्त्राच्या हिशेबात आचक्याचीच धाकटी बहीण आहे. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा पडदा एकदम आकसतो, हवा आत खेचली जाते आणि गळ्याशी स्वरयंत्राचं दार फटकन मिटतं. तोच तो ‘हिक्’. स्नायू अचानक, आपल्या मनाविरुद्ध आकसण्याचे जे प्रकार वैद्यकात एकत्र धरतात, त्यांतच उचकीची गणना होते. व्युत्पत्तीच्या पैजा मी लावत नाही, पण कानाला तरी आचका आणि उचकी एकाच घरातले वाटतात. उचकी लागली की आपण म्हणतो कुणीतरी आठवण काढली. आचक्याच्या वाट्याला ते भाग्य नाही.

लाक्षणिक अर्थाने आचके वर्तमानपत्रात रोज भेटतात. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरणी संप सुरू झाला, त्यानंतरच्या वर्षांत एकेक गिरणी कशी गेली हे लिहिताना ‘आचके’ आणि ‘घरघर’ हे शब्द ठरलेले. सहकारी साखर कारखाने, जुनी नाट्यगृहं, गावातली एकपडदा टॉकीज यांचंही तेच. पण या दोन शब्दांना क्रम आहे आणि तो पाळायला हवा. घरघर आधी लागते, आचके नंतर. परवाच एका लेखात ‘अखेरचे आचके देणाऱ्या संस्थेला आता घरघर लागली आहे’ असं वाचलं. मेल्यावर आजारी पडल्यासारखं.

आणि गाडी? पेट्रोल संपत आलं की स्कूटर आचके देत देत कडेला जाऊन थांबते, असं लिहिता येतं आणि छान दिसतं. गॅरेजमध्ये मात्र कुणी असं बोलत नाही. तिथे गाडी ‘मिसिंग करते’ किंवा ‘झटके मारते’. मेकॅनिकला तुम्ही ‘इंजिन आचके देतंय’ म्हणालात तर तो तुमच्याकडे बघून बिल वाढवेल.

गचका वेगळा. गचक्यात शरीर निर्दोष असतं, दोष रस्त्याचा. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, आणि माझा अंदाज आहे की महाराष्ट्राला गचका या शब्दाची खरी गोडी तेव्हापासून लागली. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेला माणूस आठवा. बस खड्ड्यात उतरते तेव्हा पुढच्याला काही कळत नाही. मागच्या चाकाच्याही मागे बसलेला हा मात्र बाकापासून वीतभर वर जातो, खाली येतो, दात एकमेकांवर आपटतात, मांडीवरची पिशवी पुढच्याच्या पाठीत. मग तो म्हणतो, ‘काय गचका बसला!’ गचका ‘बसतो’ किंवा आपण तो ‘खातो’. बाहेरून येतो आणि आपल्यावर आदळतो. आजीला गचके बसतात असं कुणी म्हटलं तर मी विचारीन, कुठल्या गाडीत.

ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला तरी गचकाच. जमीन हलली तर? तिथे धक्का. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, भूकंपाचे धक्केच होते, त्यांना झटके कुणी म्हटलं नाही. हल्ली टीव्हीच्या पट्टीवर ‘भूकंपाचे झटके’ धावताना दिसतात ते हिंदी बातमीवरून घाईत उतरवल्याने. इमारतीला, मनाला, सरकारला बसतो तो हादरा. आणि हो, ‘गचकला’ म्हणजे मेला, हे तुम्हाला माहीत असेलच. टवाळखोर बोली आहे, चारचौघांत वापरायची नाही. पण बघा, आचके काय आणि गचके काय, मराठी माणूस त्यांना शेवटी स्मशानातच पोचवतो.

हिसक्यात हात असतो, आणि त्या हातामागे मन असतं. हिसका देतात, मारतात. दोर हिसका मारून ओढायचा, मुलाच्या हातातला मोबाइल हिसकावून घ्यायचा. त्यावरूनच ‘थांब, दाखवतो तुला माझा हिसका’. हिसक्याचा जुळा भाऊ हिसडा. या दोघांत बारीक फरक आहे, तो मला फार आवडतो. आपल्याकडे ओढायला हिसका, आपली सुटका करून घ्यायला हिसडा. चोराने पिशवीला हिसका दिला. पोलिसाने मनगट पकडलं तेव्हा त्याने हिसडा मारून हात सोडवला. दाव्याला बांधलेला बैल मान फिरवून हिसडा मारतो. त्याला कासऱ्याने हिसका देऊन जागेवर आणतो तो गडी. सगळेच बोलणारे इतकं काटेकोर पाळतात असं नाही, पण शेतावर वाढलेल्या माणसाचं बोलणं ऐका, तो बहुतेक चुकत नाही.

या सगळ्या शब्दांची शेपटी तपासा: आचका, गचका, हिसका, झटका, फटका, दणका, ठसका, हुंदका, हबका. शेवटी ‘का’ आला की एक आघात, झाला आणि संपला. तीच गोष्ट लहान, नाजूक झाली की ‘की’: उचकी, डुलकी, टिचकी, गिरकी. बसमध्ये डुलकी लागते, गचका बसतो आणि डुलकी मोडते. एका वाक्यात अख्खा एसटीचा प्रवास आला.

आता झटका. हा खादाड शब्द आहे. मुळात तो हिसक्याच्या जवळचा. ओला टॉवेल झटकतो, चादर झटकतो, अंगावर पडलेली पाल झटकतो, तिथून जबाबदारी झटकतो. मग अर्थातली हालचाल हळूहळू गळत गेली आणि उरला तो अवचितपणा. झटकन, एका झटक्यात. ‘त्याला झटका आला तर करेल’ यात हालचाल काहीच नाही, लहर आहे. मटणाच्या दुकानावरच्या पाटीत झटका म्हणजे एका घावात तोडणं. शेतकऱ्याकडचं ‘झटका मशीन’ तर तुम्ही विदर्भात-मराठवाड्यात कुठेही पाहाल. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत बॅटरीवर सोडलेला विजेचा ठोका, साधारण सेकंदाला एक, दाब हजारो व्होल्टचा पण क्षणभरच टिकणारा. जनावर दचकून मागे उडतं, मरत नाही. घरच्या लाइनची तार कुंपणाला जोडणं हा वेगळा आणि जीवघेणा प्रकार. त्यात करंट सलग वाहतो, स्नायू आकसून धरले जातात, मूठ सुटत नाही. लोक म्हणतात ‘करंटने धरलं’. मशीनचं मात्र ‘झटका बसला’. धरणं आणि झटकणं हा फरक भाषेने कुठलंही यंत्र न लावता टिपलाय.

खादाडपणा खटकायला लागतो तो दवाखान्यात. हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायूचा झटका, फिटचा झटका. पहिल्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. अंग उडत नाही, माणूस उलट छाती धरून गप्प बसतो. दुसऱ्यात मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त मिळत नाही किंवा तिथे रक्तस्राव होतो. हात उडण्याऐवजी लुळा पडतो. खरी हालचाल फक्त तिसऱ्यात. पण फोनवर आपण काय सांगतो? ‘बाबांना झटका आलाय.’

आमच्याच घरातली गोष्ट. काका सकाळी मोरीत कोसळले. चुलतभावाने १०८ ला फोन लावला आणि म्हणाला, झटका आलाय. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, ‘कसला झटका? काय दिसतंय ते सांगा.’ तो म्हणाला, झटका म्हणजे झटका, तुम्ही गाडी पाठवा. तिने पुन्हा विचारलं, ‘तोंड वाकडं झालंय का? एका बाजूचा हात उचलता येतोय का? अंग ताठ होऊन उडतंय का?’ तेव्हा कुठे त्याने काकांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डावा कोपरा खाली आला होता. गुठळी अडकून आलेल्या अर्धांगवायूत ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही आधी मेंदूचा स्कॅन करून. त्या मुलीने प्रश्न मोडून विचारला म्हणून वेळ वाचली. माझ्या भावाला अजूनही वाटतं ती उगाच वेळ काढत होती.

याचीच दुसरी बाजू तुमच्या मावशीच्या उत्तरात आहे. ‘झटके येतात का?’ या छापील प्रश्नाला माणूस काय ऐकून उत्तर देतो? तोंडाला फेस, डोळे पांढरे, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरलेली, भोवती गर्दी. तसं काही झालं नसेल तर तो ‘नाही’ म्हणणार. शिवाय लग्नाच्या मुलीचा प्रश्न असेल तर झालं असलं तरी ‘नाही’च म्हणणार. (कांदा, चप्पल, तोंडात चमचा यातलं काहीही करू नये. कुशीवर वळवावं, आजूबाजूचं टोकदार सामान हलवावं, घड्याळ बघावं, पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर गाडी बोलवावी.)

किशोरवयात सुरू होणारा अपस्माराचा एक प्रकार आहे, ज्यात सुरुवातीला नुसते सकाळचे हात उडतात. जाग आल्यावर पहिल्या तासाभरात, विशेषतः रात्री जागरण झालं असेल तर. मोठी फिट नंतर कधीतरी येते, तोपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मेंदूविकारांच्या एका डॉक्टरबाईंबरोबर मी प्रश्नावली करत होते, तेव्हा त्यांनी माझा ‘झटके’ हा शब्द खोडला आणि समोर बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला विचारलं, ‘सकाळी दात घासताना ब्रश हातातून उडतो का गं?’ मुलीच्या आधी आई म्हणाली, ‘ब्रश काय, चहाचा कप उडवते रोज. धांदरट आहे नुसती.’ डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. फॉर्मवर त्याच मुलीने झटक्यांपुढे ‘नाही’ लिहिलेलं होतं, आणि तिच्या परीने ते खरं होतं.

तेव्हापासून मी ‘उडणे’ची वकिली करते. हात उडतो, पाय उडतो, अंग उडतं. बारीक असेल तर ‘लवणे’: डोळा लवतो. पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा लवला तर शुभ, असं आमची आजी सांगायची. प्रत्यक्षात पापणीचा स्नायू जागरणाने, शिणाने, चहा-कॉफी जास्त झाल्याने आपोआप फुरफुरतो आणि काही दिवसांत बहुधा थांबतो. पोटरीत येतो तो गोळा किंवा वांब. त्यात स्नायू आवळून राहतो, दुखतो, उडत नाही. हात एका लयीत सारखा हलत असेल तर तो कंप. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये जो आजार वर्णिला त्याला आपण कंपवात म्हणतो ते अगदी नेमकं आहे. कंपाला ताल असतो, आचक्याला नसतो.

लहान मुलांसाठी शब्द आहे ‘दचकणे’, आणि तो जरा जपून ऐकावा लागतो. नवजात बाळ आवाजाने किंवा एकदम खाली ठेवल्याने दोन्ही हात पसरून पुन्हा जवळ घेतं. अर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये ती प्रतिक्रिया नोंदवली, चार-सहा महिन्यांत ती जाते, आणि दुपट्यात गुंडाळलं की बाळ शांत होतं हे आपल्याकडच्या आज्यांना त्याच्या आधीपासून ठाऊक होतं. पण पाच-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक, कारण नसताना, मान आणि कंबर पुढे वाकवून नमस्कार केल्यासारखं ‘दचकत’ असेल, तर ते पोटदुखी म्हणून ओवा-हिंग लावून सोडायचं नाही. विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरने १८४१ मध्ये आपल्याच मुलाबद्दल ‘लँसेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं होतं, त्यात हेच वर्णन आहे, आणि तेव्हा त्याला ‘सलाम’ असं नाव दिलं होतं. तो मेंदूचा गंभीर आजार आहे आणि दिवस वाया घालवून चालत नाही. तापात आकडी येते ते याहून निराळं; सहा महिने ते पाच वर्षं या वयात ती बऱ्याच मुलांना येते आणि बहुतेकांना पुढे काही होत नाही.

जाता जाता संस्कृताचा एक टोला. सुश्रुतात अंग झटके देऊन उडण्याच्या वातव्याधीला ‘आक्षेपक’ म्हटलंय. क्षिप् म्हणजे फेकणं, अवयव फेकले जातात म्हणून. एका पत्रकात मी पाहिलं, कुण्या विद्वानाने ‘रुग्णास आक्षेप येऊ शकतात’ असं लिहिलं होतं. आजच्या वाचकाला वाटेल, रुग्ण बिलावर हरकत घेणार. शेजारचा ‘धनुर्वात’ मात्र टिकला, कारण कमान झालेलं शरीर ज्याने एकदा पाहिलं त्याला शब्द समजावून सांगायला लागत नाही.

तर तुमच्या चिठ्ठीपुरतं. आचके नको, आईचं ऐका. झटकेही नको. कुठलंच नाम नको. काय दिसतं ते लिहा, आणि त्यासाठी दोन-तीन रात्री आजीच्या खोलीत बसा. झोप लागता लागता, पायरी चुकल्यासारखं, एकदाच अंग उडत असेल तर ते तुमचं-माझंही उडतं, त्याला घाबरायचं काम नाही. गाढ झोपेत पाय ठराविक अंतराने, वीस-चाळीस सेकंदांनी, अंगठा आणि घोटा वर ओढून उडत असेल तर तसं लिहा. डॉक्टर कदाचित लोह तपासायला सांगतील. स्वप्नात कुणाशी भांडल्यासारखे हातवारे, लाथा, ओरडणं असेल तर तेही वेगळं लिहा. आणि दिवसा जागेपणी, हातात भांडं असताना हात उडत असेल, तर सगळ्यात आधी ते लिहा आणि खाली आजीच्या चालू गोळ्यांची यादी जोडा. मूत्रपिंड अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसाला अंगदुखीसाठी, मुंग्यांसाठी दिलेल्या गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनसारख्या गोळ्यांनीही अंग उडू शकतं. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

चिठ्ठी साधारण अशी होईल: ‘आजी, वय अमुक. तीन महिन्यांपासून रात्री झोपेत उजवा पाय आपोआप उडतो, कधी दोन्ही. जाग येत नाही. शुद्ध जात नाही, दिवसा हात उडत नाहीत. जीभ चावलेली किंवा कपडे ओले झालेले कधी आढळले नाहीत.’ जे खरं असेल तेच ठेवा, बाकीचं खोडा. शक्य झालं तर पांघरूण बाजूला करून मोबाइलवर मिनिटभर चित्रीकरण करा. आधी आजीला विचारून.

आणि फॉर्मवरच्या ‘झटके येतात का’पुढे होय-नाही दोन्ही सोडून रिकाम्या जागेत लिहा, ‘चिठ्ठी पाहा’.